हात काळे करू या : हँडलची खटखट

दोस्तांनो, गतिरोधकावरून पुढचं चाक खाली उतरलं की तुमच्या सायकलीच्या हँडलखाली ‘खट्’ असा आवाज होतो का? किंवा उतारावर पुढचा ब्रेक दाबल्यावर हँडल थरथरतं का? बहुतेक जण अशा वेळी मडगार्डला दोष देतात. मडगार्ड वाजतं खरं, पण त्याचा आवाज पत्र्याचा, खडखड असा. हा आवाज वेगळा. आतून कुणी एकदाच ठोकल्यासारखा. तो ऐकू आला, तर आज-उद्या करत बसू नका. सायकल वळवणं आणि ब्रेक लागल्यावर ती सांभाळणं, ही दोन्ही कामं त्याच जागेच्या भरवशावर चालतात.

कोणती जागा? हँडलच्या खाली सांगाड्याची एक आखूड, उभी नळी असते. पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याची दांडी या नळीतून वर येते. दांडी नळीत मोकळेपणी फिरावी म्हणून नळीच्या वरच्या आणि खालच्या तोंडाशी वाट्या असतात आणि त्यांत पोलादाचे छर्रे. या सगळ्या जोडणीला म्हणतात हेडसेट. बऱ्याच साध्या सायकलींत हे छर्रे ५/३२ इंचाचे, म्हणजे जेमतेम चार मिलिमीटरचे असतात. पण सगळे एका मापाचे हवेत. एखादा जरी मोठा असला तरी भार त्याच्यावरच पडतो. छर्रे घासून एकसारखे गोल करणारं यंत्र जर्मनीतल्या श्वाइनफुर्ट गावात फ्रीडरिश फिशर यांनी १८८३ साली बनवलं. म्हणून दुकानात कुणी ‘दोनच छर्रे गेलेत, दोनच टाकतो’ म्हणालं, तर सरळ सांगा, काका, सगळेच नवे टाका.

आता तपासणी. पुढचा ब्रेक घट्ट दाबून धरा. दुसऱ्या हाताची बोटं खालच्या वाटीवर अशी ठेवा, की अर्धी नळीवर आणि अर्धी चिमट्यावर येतील. आता सायकल पुढे-मागे हलवा. सांध्यात बोटांना ‘टक्-टक्’ जाणवलं, तर हेडसेट ढिला. बोटं ठेवायचीच, बरं का! नुसतं हलवून पाहिलं तर ब्रेकची रबरंही हलतात आणि आपण फसतो. खात्री करायची असेल तर हँडल काटकोनात वळवा आणि तसंच पुन्हा हलवून बघा.

मात्र प्रत्येक डुगडुग हेडसेटची नसते. चाकाचा टायर वर धरून डावीकडे-उजवीकडे ढकला. चाक चिमट्याच्या आत लटपटलं, तर दोष चाकाच्या आसाजवळच्या कोनचा. चाक गुडघ्यांत धरून हँडल वळवलं आणि हँडल एकीकडे, चाक दुसरीकडे झालं, तर हँडलच्या दांडीचा बोल्ट ढिला. तो आधी घट्ट करा, मगच सायकलवर बसा.

दुखणं हेडसेटचंच निघालं तर बहुतेक जण करतात काय? मोठा पाना घेऊन सगळ्यात वरचा नट जोर लावून पिळतात. खटखट थांबते, पण हँडल जड होतं. आणि सायकल तोल कसा सांभाळते? ती जिकडे कलते, तिकडे हँडल किंचित वळतं, आणि आपण पुन्हा सरळ होतो. सरळ रस्त्यावरसुद्धा हे सारखं चालू असतं, आपल्याला कळतही नाही. हेडसेट जाम केला तर हे बारीक वळणंच अडतं आणि सायकल दारू प्यायल्यासारखी नागमोडी जाते. ढिल्यापेक्षा हे बरं, असं समजू नका.

खरी गोष्ट अशी, की वरचा नट फक्त कुलूप आहे. ढिलेपणा काढायचा तो त्याच्या खालच्या, आटे असलेल्या वाटीने. नट थोडासा सैल करा. खालची वाटी मात्र पूर्ण सोडवू नका, नाहीतर चिमटा खाली सरकेल आणि छर्रे अंगणभर पळतील! मग वाटी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने अगदी थोडी फिरवा, एका फेरीचा आठवा भाग पुरे. पुन्हा ब्रेक दाबून बोटांनी बघा. टक्-टक् थांबली की थांबायचं. आता एका पान्याने वाटी जागेवर धरा आणि दुसऱ्याने नट आवळा. दोन पाने लागतातच, कारण एकट्या नटाला पिळलं तर वाटीही त्याच्याबरोबर फिरते. हे पाने मोठे आणि पातळ असतात. घरी नसतील तर साध्या पकडीने नटाच्या कडा खाऊ नका. सायकलच्या दुकानात जा, आणि शेजारी उभं राहून नीट बघा.

गियरच्या बऱ्याच सायकलींत वर नट नसतो, टोपीत एक ॲलन बोल्ट असतो. तिथे आधी हँडलच्या दांडीचे बाजूचे बोल्ट सैल करायचे, मग टोपीचा बोल्ट थोडा थोडा आवळून ढिलेपणा काढायचा, मग हँडल सरळ करून बाजूचे बोल्ट पक्के करायचे. बाजूचे सैल न करता टोपी पिळत बसलात तर काहीच होणार नाही, फक्त बोल्टचे आटे जातील.

शेवटी पुढचं चाक उचलून सायकल जराशी डावीकडे, मग उजवीकडे कलती करा. हँडल आपल्याच वजनाने तिकडे वळलं पाहिजे. ब्रेकच्या सळ्या किंवा केबल थोड्या अडवतील, तेवढं चालायचंच. पण सरळ मध्यावर आल्यावर हँडल खाचेत बसल्यासारखं अडकत असेल, तर आता आवळून उपयोग नाही. चाक गोल गोल फिरतं, त्याचे छर्रेही फिरत राहतात. हँडल मात्र बहुतेक वेळ सरळच असतं, त्यामुळे खड्ड्यांचे सगळे ठोके छर्रे त्याच त्या जागी खातात आणि वाटीत खळगे पाडतात. ढिल्या हेडसेटमध्ये ते आणखी लवकर पडतात. अशा वाट्या बदलाव्याच लागतात.

खालच्या वाटीचे हाल सगळ्यात जास्त, कारण पावसाळ्यात पुढचं चाक चिखल-पाणी तिच्यावरच उडवतं. तेव्हा वाट्या बदलायला चिमटा काढलाच, तर जुन्या ट्यूबचं दोन बोटं रुंद कडं कापून त्या सांध्यावर चढवायला सांगा. फुकटचा रेनकोट! आत नवं ग्रीसही भरून घ्या.

दुरुस्तीनंतरची पहिली फेरी अंगणातच मारा, रस्त्यावर नको. दोन-तीन दिवसांनी ब्रेक दाबून, बोटं ठेवून पुन्हा एकदा बघा. नव्या वाट्या बसताना थोड्या ढिल्या होतात.

पुढच्या अंकात ब्रेकची रबरं. ती किती झिजली की बदलायची, ते बघू.