दहा वाजले की नेट बंद?

भुईगावहून एका भगिनीचे पत्र आले आहे. घराच्या मागच्या अंगाची खोली त्यांनी वसईत शिकणाऱ्या तीन मुलींना राहायला दिली आहे. त्यातली एक रत्नागिरीहून आलेली त्यांची सख्खी भाची. तिघींचे मिळून तीन मोबाइल, दोन लॅपटॉप, एक टॅब आणि वर्गणी काढून घेतलेला एक प्रिंटर. नेट घराचेच, पन्नास एमबीपीएसचे. राऊटर पुढच्या बैठकीत, मुली मागे, मधे दोन जाड भिंती. एकीने सिनेमा लावला की दुसरीची ऑनलाइन चाचणी मधेच तुटते, आणि मग रुसवेफुगवे. भगिनी विचारतात, आणखी मोठा प्लॅन घ्यावा का? शेवटी लिहितात, ‘घरातल्या मोठ्यांचे म्हणणे आहे की रात्री दहाला नेट बंदच करावे. भांडण नको आणि काळजीही नको.’

पत्रात प्रश्न दोन आहेत, एक तारेचा आणि एक भरवशाचा. आधी तारेचा पाहू.

मोठ्या प्लॅनचे पैसे भरण्यापूर्वी एक साधी तपासणी करा. राऊटरपाशी उभे राहून मोबाइलवर नेटचा वेग मोजा, मग मागच्या खोलीत जाऊन पुन्हा मोजा. पुढे पंचेचाळीस आणि मागे पाच आले, तर दोष प्लॅनचा नसून भिंतींचा आहे. वाडीवाल्यांना हे समजावून सांगायला नको. बावखलात पाणी कितीही असले तरी पाट मधेच फुटला असेल तर शेवटचा वाफा कोरडाच राहतो. फुल एचडी सिनेमाला साधारण पाच एमबीपीएस लागतात, व्हिडिओवरच्या तासाला दोन-तीन. म्हणजे पन्नासमध्ये तीन मुली आणि घरचे सगळे सहज भागतात. फक्त ते मागपर्यंत पोचले पाहिजे.

वायफायच्या दोन पट्ट्या असतात. २.४ गिगाहर्ट्झची पट्टी भिंतीपलीकडे बऱ्यापैकी जाते, पण तिचा वेग कमी आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांची गर्दी तिच्यावरच. ५ गिगाहर्ट्झची पट्टी वेगवान, पण जाड भिंतीपुढे ती हात टेकते. भिंतीत खोचायचा एक्स्टेंडर स्वस्त मिळतो, पण तो हवेतूनच घेतो आणि हवेतूनच देतो, त्यामुळे वेग बरेचदा निम्म्यावर येतो. सर्वांत पक्का उपाय जुनाच आहे: केबल. पुढच्या राऊटरपासून मागच्या खोलीपर्यंत कॅट-६ जातीची केबल ओढा. ती १०० मीटरपर्यंत चालते, घराला त्याच्या निम्मीही लागणार नाही. भिंतीबाहेरून न्यायची असेल तर पीव्हीसी पाइपातून न्या, म्हणजे पावसाळा आणि उंदीर दोन्हींपासून वाचेल.

केबलच्या मागच्या टोकाला मुलींसाठी एक वेगळा, साधा राऊटर लावा. केबल त्याच्या ‘इंटरनेट’ किंवा ‘वॅन’ असे लिहिलेल्या खाचेत घाला. इथे एक गोष्ट नीट पाहावी. राऊटर घरातल्या प्रत्येक उपकरणाला एक नंबर देतो, बहुधा १९२.१६८.१ ने सुरू होणारा. असे नंबर १९९६ साली खासगी वापरासाठी राखून ठेवले गेले, म्हणून घरोघरी तेच नंबर सुखाने नांदतात. पण एकाच घरातले दोन राऊटर एकच मालिका वाटू लागले की गोंधळ होतो. मागच्या राऊटरची मालिका बदलून १९२.१६८.१० करा. मग मुलींचे लॅपटॉप, मोबाइल आणि प्रिंटर एकमेकांना दिसतील, पण पुढच्या घरातून त्यांच्या उपकरणांत डोकावता येणार नाही. उलट मागून पुढच्या उपकरणांपर्यंत वाट राहते, म्हणून पुढच्या राऊटरचा व्यवस्थापनाचा पासवर्ड, जो कारखान्यातून ‘अॅडमिन’ असा येतो, तो आजच बदला.

मागच्या राऊटरवर सुरक्षेसाठी डब्ल्यूपीए३ निवडा. उपकरण जुने असेल तर डब्ल्यूपीए२ चालेल. डब्ल्यूपीएसचे बटण बंद ठेवा. पासवर्डमध्ये नाव, गाव, मोबाइल नंबर नको. तीन-चार असंबद्ध शब्द जोडा. २.४ च्या पट्टीवर १, ६ आणि ११ हेच तीन चॅनेल एकमेकांत मिसळत नाहीत. शेजारी ज्यावर कमी गर्दी असेल तो घ्या. आणि राऊटरमध्ये ‘बँडविड्थ कंट्रोल’ किंवा ‘क्यूओएस’ असेल तर जिची परीक्षा असेल तिच्या लॅपटॉपला तेवढ्या वेळापुरता पहिला मान द्या. सिनेमा दोन मिनिटे थांबला तर कुणाचे वर्ष वाया जात नाही.

विजेचेही पाहायला हवे. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार पाण्याखाली गेले तेव्हा विजेविना काढलेले तास अनेकांना आठवत असतील. राऊटरसाठी छोटा यूपीएस मिळतो, पण तो एकट्या राऊटरला लावून भागत नाही. भिंतीवरच्या फायबरच्या डबीलाही वीज लागते. दोन्ही राऊटर आणि ती डबी, तिन्हींची सोय करा. परीक्षेच्या दिवशी एका मोबाइलमध्ये डेटा शिल्लक ठेवावा हे बरे.

पैशांचा हिशेब लिहूनच ठेवा. समजा प्लॅन ६०० रुपयांचा, त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ७०८. निम्मे घराचे, ३५४. उरलेले तिघींत, प्रत्येकी ११८. सूरह बकरातली सर्वांत मोठी आयत देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे, आणि आपल्याकडे नात्यातल्या माणसांबरोबर लिहायला नेमका संकोच होतो. भाचीकडून पैसे घ्यायचे नसतील तर तिचा वाटा घराने भरावा, बाकी दोघींवर टाकू नये. जोडणी ज्यांच्या नावावर आहे त्यांनी कंपनीला एकदा विचारून घ्यावे की भाडेकरूंना वाटून दिलेले चालते का. नाही म्हणाले तर मुलींनी स्वतःची जोडणी घ्यावी. त्या नेटवरून काही वावगे घडले तर पहिली विचारणा नावावर असलेल्यालाच होते, हेही मुलींना स्पष्ट सांगावे.

आता भरवशाचा प्रश्न. रात्री जागरण झाले की फजर चुकते, परक्या मुलींची जबाबदारी आपल्यावर आहे, ही मोठ्यांची काळजी खोटी नाही. पण बटण बंद करणे हा तिचा उपाय आहे का?

केरळमध्ये कोळिकोड जिल्ह्यातल्या चेलन्नूरच्या श्री नारायण गुरु कॉलेजात फहीमा शिरीन ही बी.ए.ची विद्यार्थिनी होती. वसतिगृहात मुलींनी संध्याकाळी सहा ते दहा मोबाइल जमा करावेत असा नियम निघाला. ऐन अभ्यासाची वेळ. तिने नियम मानला नाही, तेव्हा तिला वसतिगृहातून काढले. ती उच्च न्यायालयात गेली. १९ सप्टेंबर २०१९ रोजी न्यायालयाने निकाल दिला की इंटरनेट मिळणे हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे, आणि तिला वसतिगृहात परत घ्यावे. शिस्त असावी, पण तिने शिकण्याची वाट अडवू नये, असा त्याचा मथितार्थ.

आपले घर कॉलेज नाही हे खरे. पण भाडे आणि नेटचा वाटा देणाऱ्या मुलीचा नेटवर हक्क आहे, ती मेहरबानी नव्हे. रात्री बारापर्यंत प्रकल्प जमा करायचा असेल तर दहाला नेट बंद करून आपण तिच्या हातून काय काढून घेतो, याचा विचार व्हावा. आणि बंद केले तरी मोबाइलचा डेटा चालूच राहतो. थांबतो तो लॅपटॉपवरचा अभ्यास.

आणखी एक. काही राऊटरमध्ये कोणत्या उपकरणाने कोणती साइट उघडली याची यादी दिसते. सोय आहे म्हणून ती पाहत बसू नये. सूरह हुजुरातमध्ये दुसऱ्याची पाळत ठेवण्याला मनाई आहे, आणि ही मनाई भिंतीच्या फटीपुरती नाही.

आमचा सल्ला असा: मागच्या राऊटरचा पासवर्ड मुलींच्याच हाती द्या. घरातल्या मोठ्यांनी तिघींना एकत्र बसवून आपली काळजी बोलून दाखवावी. झोपेची वेळ त्या तिघींनी ठरवावी. हवे तर राऊटरमध्ये वेळापत्रक लावता येते, ते त्यांनी स्वतः लावावे आणि परीक्षेच्या दिवसांत स्वतःच काढावे. कुणाला सिनेमा, कुणाला तास, वर्गणी कधी, हे एका कागदावर लिहून खोलीच्या दाराला आतून चिकटवावे. महिन्याने पुन्हा बसून काय जमले नाही ते पाहावे.

तिघींच्या परीक्षा नीट पार पडोत. आमच्या दुआ त्यांच्यासोबत आहेत.