खरकट्याचा प्रश्न कोणाचा?

पिंपरी-चिंचवडच्या कामगार चळवळीतील काही मंडळींची अशी समजूत आहे की, खरकट्याचे खत करणे हा गच्चीवर गुलाब फुलविणाऱ्या मध्यमवर्गाचा छंद होय. श्रमिकांच्या पक्षाने त्यात वेळ दवडू नये. ही समजूत त्यांनी एकदा मोशीत जाऊन बोलून दाखवावी. साऱ्या शहराचा कचरा तीन दशकांहून अधिक काळ तेथे येऊन पडत आहे. एप्रिल 2022 मध्ये त्या डेपोला आग लागली. तिचा धूर कोणी छंद म्हणून घेतला नव्हता!

खरकटे मुळात निरुपद्रवी असते. देठे, साली, शिळा भात यांत वाळका पाला मिसळला, हवा खेळती ठेवली आणि ओल पिळलेल्या फडक्याइतकी राखली, तर दोन-तीन महिन्यांत त्याचे खत होते. तेच पिशवीत कोंडून ढिगाखाली दडपले की हवेविना सडते, मिथेन सोडते आणि त्याचे काळे पाणी जमिनीत मुरते. कणकवलीजवळच्या गोपुरीत अप्पासाहेब पटवर्धनांनी मैल्यापासून सोनखत करून दाखविले, ते बागेच्या हौसेपायी नव्हे. माणसाच्या डोक्यावरची मैल्याची पाटी त्यांना उतरवावयाची होती. हा वारसा समाजवाद्यांनी विसरावा, याचे नवल वाटते.

2016 च्या नियमांनी दिवसाला 100 किलोंहून अधिक कचरा करणाऱ्यांवर ओला कचरा शक्यतो आवारातच जिरविण्याची जबाबदारी टाकली. त्याच्या आधारे महापालिकेने मोठ्या गृहसंस्थांचा ओला कचरा न उचलण्याचा इशारा दिला, तेव्हा संस्था खवळल्या. कर भरूनही हे काम आम्हीच का करावे, हा त्यांचा सवाल अगदीच गैरलागू नाही. बिल्डरने ताबा देताना दाखविलेले खतयंत्र पुढे बंद पडले, तर दंड कोणाला? पण दुसरीकडे ऑगस्ट 2023 मध्ये मोशीत सुमारे 300 कोटींचा, वर्षाला अडीच लाख टन कचरा घेणारा वीजप्रकल्प सुरू झाला. एकदा भट्टी उभारली की तिला रोज घास लागतो. पाण्याने जड झालेले खरकटे नीट जळत नाही, हे खरे. पण कचरा कमी व्हावा, असे मात्र भट्टीला कधीच वाटणार नाही.

आणि चाकणकडे वळले की गृहसंस्थांचे भांडणही चैनीचे वाटू लागते. म्हाळुंगे, निघोजे, कुरुळी येथील खोल्यांत दाटीवाटीने राहणारा कंत्राटी कामगार खताची बादली ठेवणार कोठे? त्याला घरगुती खताचे धडे देणे ही क्रूर थट्टा आहे. त्याच्यासाठी वस्तीवस्तीत सार्वजनिक खतखड्डे हवेत, ग्रामपंचायतीच्या जागेवर आणि एमआयडीसीच्या खर्चाने. तेथे राबणाऱ्याला किमान वेतन, हातमोजे आणि ओळखपत्र मिळाले पाहिजे. 1993 मध्ये स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीने कचरावेचक हा कामगारच आहे, हे केव्हाच सिद्ध केले आहे. खताच्या नावाखाली त्याला पुन्हा ठेकेदाराच्या दारात उभे करू नये.

कारखान्यांच्या कँटीनमध्ये तर एकेका पाळीला शेकडो ताटे वाढली जातात. त्यांचे खरकटे कोठे जाते, असे व्यवस्थापनाला विचारण्यापासून आरंभ करता येईल. पुढच्या वेतनकराराच्या मागणीपत्रकात त्याचे एक कलम घालावयास कोणत्या युनियनची हरकत आहे?