गडबला लॅटिन कशाला?

गडबच्या मुलाने लॅटिन शिकून काय करायचे, असा कुत्सित प्रश्न करणाऱ्यांना आमचे उत्तर सरळ आहे: आपल्याच किनाऱ्याचा जमाखर्च वाचायचा. हिंदुस्थान दरवर्षी किमान ५ कोटी सेस्टर्स गिळतो, ही पहिल्या शतकातील प्लिनीची तक्रार लॅटिनमध्ये आहे. आणि त्या काळच्या सागरी व्यापारातले चौल शेजारच्याच अलिबाग तालुक्यात आहे. आम्ही मात्र ती तक्रार इंग्रजीच्या ओंजळीने पितो.

भाषा अवघड म्हणावी, तर संस्कृतात 'देव' चालवणाऱ्याला लॅटिन विभक्त्यांचे भय कसले? चालीरीतीही अनोळखी नाहीत. रोमन घरात देव्हारा असे. मुलाचे नाव नवव्या दिवशी, मुलीचे आठव्या दिवशी ठेवीत. १३ ते २१ फेब्रुवारी हे दिवस पितरांचे. बारसे आणि पितृपक्ष पाळणाऱ्या गावाला हे समजावून सांगायला पंडित लागत नाही.

पण या साम्यावर हुरळून 'सारे आमच्याकडूनच गेले' म्हणणाऱ्यांशीही आमचे भांडण आहे. नवजात अर्भक टाकून देण्याचा अधिकार रोमन पित्याला होता, हेही वाचावे लागते. ज्याने मूळ वाचले नाही, त्याचा अभिमान उसना आणि तिरस्कारही उसनाच.