ताट सरकारचं, अट देवाची?

"भुकेल्याच्या पोटात अन्न जाणार असेल, तर ताट कोणी वाढलं हे कशाला विचारायचं?" अमेरिकेत धर्मसंस्थांच्या सेवाकार्याला सरकारी पैसा द्यावा की नाही, हा वाद निघाला की हा प्रश्न हमखास येतो, आणि तो विचारणारी माणसं बहुतेक वेळा मनाने चांगली असतात. न्यू जर्सीतल्या एका चर्चच्या तळघरात मी दर शनिवारी शिधावाटपाला उभी राहते, त्यामुळे या प्रश्नाला बगल देणं मला जमत नाही. भुकेल्याने हे विचारू नये, हे मान्य. ज्याच्या पैशातून ताट भरलं त्या करदात्याने मात्र विचारलंच पाहिजे. वाढणाऱ्याचा धर्म कोणता, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. जेवणाआधी प्रार्थनेला बसावं लागतं का, आणि नाही बसलं तर ताट मिळतं का, एवढं त्याला कळायला हवं.

१९९६ च्या कल्याणकारी मदतीच्या कायद्याने इथल्या धर्मसंस्थांना एक मुभा दिली. भिंतीवरचा क्रूस न उतरवता आणि आपल्याच पंथाची माणसं नोकरीला ठेवून त्यांनी सरकारी कामं घ्यावीत. जानेवारी २००१ मध्ये जॉर्ज बुश यांनी त्यासाठी थेट व्हाइट हाउसमध्ये कार्यालय उघडलं. त्या धोरणाचे समर्थक अजून सांगतात की शासन आणि धर्म यांच्यामधली भिंत ही देवाधर्माचा तिटकारा असलेल्या अलीकडच्या लोकांनी उभी केली.

हे इतिहासाला धरून नाही. १७८४ साली व्हर्जिनियात पॅट्रिक हेन्रींनी एक विधेयक पुढे रेटलं. ख्रिस्ती धर्मशिक्षकांसाठी कर बसवायचा आणि आपला वाटा कोणत्या चर्चला द्यायचा ते करदात्याने ठरवायचं. वरवर पाहता किती उदार! जेम्स मॅडिसन यांनी दुसऱ्या वर्षी त्याविरुद्ध निवेदन लिहिलं. त्यांचा मुद्दा असा की एखाद्या पंथासाठी माणसाकडून तीन पेन्स सक्तीने घेण्याचा अधिकार सरकारला मिळाला, की उद्या त्याच माणसाला कोणत्याही पंथापुढे मान तुकवायला लावण्याचा अधिकारही मिळाला. आणि मॅडिसन यांच्या बाजूला उभे कोण होते? बॅप्टिस्ट. परवान्याशिवाय प्रवचन केलं म्हणून ज्यांचे प्रवचनकार व्हर्जिनियाच्या तुरुंगात पडले होते, ते श्रद्धाळू लोक. भिंतीचा तो प्रसिद्ध दाखला तेव्हाचे अध्यक्ष जेफरसन यांनी १ जानेवारी १८०२ च्या पत्रात दिला, तेही कनेक्टिकटमधल्या डॅनबरीच्या बॅप्टिस्टांना. त्याच दिवशी मॅसेच्युसेट्समधल्या चेशर गावाहून आणलेलं हजार पौंडांहून जड चीज जेफरसन यांना भेट मिळालं. घेऊन आले होते बॅप्टिस्ट प्रवचनकार जॉन लेलंड. ही भिंत श्रद्धाळूंनी मागून घेतलेली आहे. सरकारी पैसा एका पंथाच्या अंगणात आला की दुसऱ्याच्या मानेवर बसतो, हे त्यांनी सोसलेलं होतं.

दुसरा युक्तिवाद यापेक्षा जड आहे: "कोणावर सक्ती कुठे आहे? नको असेल त्याने दुसरीकडे जावं." या वाक्यापुढे मला आयोवातला न्यूटनचा तुरुंग ठेवावासा वाटतो. १९९९ पासून तिथे प्रिझन फेलोशिप या ख्रिस्ती संस्थेचा सुधारणा-कार्यक्रम चालू होता. भाग घेणं ऐच्छिक होतं. पण तो चालायचा जिथे, त्या विभागात कोठड्यांना लाकडी दारं होती, किल्ली कैद्याच्या हातात होती आणि शौचाला आडोसा होता. इतर कैद्यांना पोलादी दार आणि कोठडीतच उघड्यावर शौचाचं भांडं. बायबलच्या वर्गाला बसणाऱ्याला दाराची किल्ली, न बसणाऱ्याला उघड्यावरची लाज. ज्याला तुरुंगाबाहेर पाऊल टाकता येत नाही, त्याला "दुसरीकडे जा" म्हणण्यात कोणती ऐच्छिकता उरते? खर्चाचा काही भाग तर कैद्यांच्या फोनच्या पैशातून जमणाऱ्या निधीतून दिला गेला. म्हणजे घरच्यांचा आवाज ऐकण्यासाठी मोजलेले पैसे, ज्या धर्मशिक्षणाला तो कैदी बसतच नव्हता त्याच्यावर खर्च झाले. २००६ मध्ये न्यायाधीश रॉबर्ट प्रॅट यांनी हा कार्यक्रम घटनाबाह्य ठरवला आणि १५ लाख डॉलरहून अधिक रक्कम परत करायला सांगितली. पुढच्या वर्षी अपील न्यायालयाने जुन्या रकमेची परतफेड माफ केली, पण घटनेचा भंग झाला हा निष्कर्ष कायम ठेवला. निकाल देणाऱ्या पीठात सर्वोच्च न्यायालयातून निवृत्त झालेल्या सँड्रा डे ओ'कॉनर बसल्या होत्या.

मग धर्मसंस्थांना एक पैसाही देऊ नये का? इथे माझं भिंतीच्या कडव्या कैवाऱ्यांशीही भांडण आहे. १८९९ साली सर्वोच्च न्यायालयापुढे वॉशिंग्टनच्या प्रॉव्हिडन्स हॉस्पिटलचा खटला आला. रुग्णालय कॅथलिक जोगिणींचं, आणि त्यांच्या आवारात संसर्गजन्य रोग्यांसाठी इमारत बांधायला सरकारी पैसा मंजूर झालेला. न्यायालयाने तो वैध ठरवला. ते योग्यच झालं. तापाने फणफणलेल्या माणसाला खाट मिळते, आणि त्या खाटेवर पडण्यासाठी जपमाळ ओढावी लागत नाही. २०१७ मध्ये मिसुरीतल्या एका चर्चच्या बालवाडीला खेळाच्या मैदानावर रबर अंथरण्यासाठी अनुदान नाकारणं घटनेविरुद्ध ठरलं, त्यालाही माझी हरकत नाही. पडलेल्या पोराच्या गुडघ्याला पंथ नसतो. पण पाचच वर्षांत, २०२२ मध्ये, मेन राज्यातल्या खटल्यात तोच न्याय वर्गाच्या दारापर्यंत नेला गेला. खाजगी शाळांच्या फीला सरकार मदत करत असेल, तर धर्मशिक्षण देणाऱ्या शाळांनाही ती द्यावीच लागेल, असा निकाल लागला. मैदानावरचं रबर आणि वर्गातली प्रार्थना या दोन गोष्टी एका मापाने मोजल्या गेल्या. चूक तिथे झाली.

हा भेद करता येत नाही, असं मला कोणी सांगू नये. मी नगर जिल्ह्यातल्या एका मिशनच्या अनुदानित शाळेत शिकले. आपल्या भारतीय राज्यघटनेचं २८वं कलम सांगतं की सरकारी मदत घेणाऱ्या शाळेत कोणालाही त्याच्या, किंवा तो अज्ञान असेल तर पालकांच्या, संमतीशिवाय धर्मशिक्षणाला बसवता येणार नाही. वडिलांनी एक चिठ्ठी दिली आणि बायबलच्या तासाला मी ग्रंथालयात बसले. शिकवणाऱ्या बाईंची माया त्याने रतीभर कमी झाली नाही. अनुदान चालू राहिलं, शाळा चालू राहिली, चर्चही चालू राहिलं.

नोकरीच्या बाबतीत मात्र मी तडजोड करणार नाही. प्रवचनकार कोण नेमायचा हा चर्चचा प्रश्न आहे. पण पगार सरकारी तिजोरीतून निघत असेल, तर शिध्याची खोकी उचलणारा ज्यू आहे म्हणून त्याला परत पाठवण्याची मुभा चर्चला असू नये. त्याचाही कर त्या तिजोरीत गेलेला आहे.

यात धर्माचं नुकसानही थोडं नाही. बुश यांच्या त्याच कार्यालयात उपसंचालक असलेले डेव्हिड कुओ श्रद्धाळू ख्रिस्ती होते. २००६ च्या आपल्या पुस्तकात त्यांनीच लिहिलं की गरिबांसाठी दिलेलं आश्वासन अपुरं राहिलं आणि कार्यालय निवडणुकीच्या कामाला जुंपलं गेलं.

आमच्या तळघरात एक टेबल आहे. त्यावर शेतीखात्याचा शिक्का असलेले डबे, तांदूळ, शेंगदाण्याचं लोणी, आणि मागे भेदभावबंदीचा सरकारी फलक. प्रार्थनेची पत्रकं वरच्या मजल्यावर, ज्याला हवी त्याने जिना चढावा. प्रार्थनेची सक्ती नाही, हे मदत घेणाऱ्याला लेखी कळवण्याचा नियम २०१६ मध्ये संघराज्याच्या अनेक खात्यांनी केला, २०२० मध्ये तो काढून टाकला, २०२४ मध्ये पुन्हा आणला. एवढा साधा कागद अध्यक्षागणिक येतो आणि जातो. तो कायद्यातच घालावा, ही माझी मागणी आहे. आमच्याकडे तो इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्ये लावलेला होता. मागच्या हिवाळ्यात मी तो मराठीतही लिहून काढला. जळगावकडच्या एक आजी रांगेत येऊ लागल्या होत्या, मुलाची नोकरी गेली होती. पहिल्या दिवशी त्यांनी पिशवी उघडण्याआधी मला हळूच विचारलं होतं, "बाई, आधी त्यांच्या देवापुढे बसावं लागंल का?"