सावलीतील रोप व उघडे रान

गादीवाफ्यावरील टोमॅटो-मिरचीचे रोप लहानपणापासून ऊनवारा सोसत असे. आता रहिमतपूर भागातही रोपे शेडनेटखाली, कोकोपीटच्या ट्रेमध्ये वाढतात. सावलीतील पानांची त्वचा पातळ असते; असे रोप एकदम उघड्या रानात लावल्यास मुळे धरण्यापूर्वीच माना टाकते, आणि दोष मात्र बियाण्याला दिला जातो! लागणीपूर्वी ७ ते १० दिवस पाणी बेताने द्यावे (रोप कोमेजू मात्र देऊ नये) व सकाळच्या कोवळ्या उन्हापासून आरंभ करून ऊन रोज वाढवावे. आमच्या मते हे काम रोपवाटिकाधारकाचेच आहे. परंतु उंच, लुसलुशीत रोपास भुलणारे शेतकरी बंधू ते करवून घेत नाहीत. रोप उघड्यावर किती दिवस ठेवले होते, हे विचारूनच ते उचलावे. बुटक्या, जाड खोडाच्या रोपास चार पैसे अधिक पडले तरी द्यावेत.