घामाला मालक आहे, मग जखमेला का नाही?



आपल्या बीड जिल्ह्याला समुद्र नाही. मग बंदरावरच्या कामगाराच्या मोडलेल्या हातापायाशी आपला काय संबंध, असं कोणी विचारील. संबंध कापसाचा आहे! आपल्या रानातला कापूस जिनिंगमध्ये येतो, प्रेसमध्ये त्याची १७० किलोची गाठ बांधली जाते. कापसाच्या काही गाठी सूतगिरणीत जातात, काही बंदर गाठून बोटीत चढतात. गाठ बांधणारा आणि गाठ चढवणारा, दोघांचं हाड सारखंच मोडतं.

१४ एप्रिल १९४४ आठवा. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' बोट उभी होती. पोटात सुमारे १४०० टन स्फोटकं, आणि त्याच बोटीत कराचीला भरलेल्या हजारो कापसाच्या गाठी! कापसाने पेट घेतला आणि दुपारी चारनंतर दोन स्फोट झाले. शेकडो माणसं मेली. त्यात अग्निशामक दलाचे ६६ जण होते. कापसाजवळ ठिणगी नको, हे जिनिंगमधल्या पोरालाही कळतं. पण माल कसा भरायचा हे ठरवणारे वेगळे आणि मरणारे वेगळे. युद्धाची घाई होती म्हणे. घाई कोणाची आणि मरण कोणाचं?

त्या काळी गोदीत काम मिळायचं ते टोळीवाल्याच्या मर्जीवर. पी. डिमेलोंसारख्या पुढाऱ्यांमागे गोदी कामगार एक झाले. १९४८ साली त्यांच्या नोकरीच्या नियमनाचा आणि १९८६ साली सुरक्षिततेचा कायदा झाला. पुढे कंटेनर आले, १९८९ साली न्हावाशेवा बंदर सुरू झालं. पाठीवरचं ओझं क्रेनवर गेलं. पण क्रेनखाली माणूस उभा आहेच, आणि पुष्कळदा तो गुत्तेदाराचा माणूस आहे.

अपघात झाला की काय होतं? मालक म्हणतो, "तो माझा माणूस न्हाई, गुत्तेदाराला विचारा." गुत्तेदार म्हणतो, "त्याचीच चूक होती. हे घ्या पाच हजार, इथं अंगठा करा." हे बोलणं आपण आपल्या खात्यातही ऐकलेलं आहे. आपल्या जिल्ह्यातून ऊस तोडायला जाणाऱ्या भावाबहिणींनाही मुकादमाकडेच बोट दाखवलं जातं. काम करून घेताना मालक एक, आणि रक्त सांडल्यावर एकही नाही!

कायदा असं म्हणत नाही. १९२३ सालचा भरपाईचा कायदा २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेत गेला, पण मूळ हक्क राहिले. काम गुत्त्याने दिलं असलं तरी कामगार मुख्य मालकाकडून भरपाई मागू शकतो. मालकाने ती पुढे गुत्तेदाराकडून वसूल करावी, तो त्यांचा हिशेब! हक्क सोडल्याचा कागद कायद्याला मान्य नाही. मृत्यूची भरपाई सरकारी अधिकाऱ्याकडेच भरावी लागते.

आता आकडा बघा. वय ३५, पगार महिना १०,०००. कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर पगाराच्या ६० टक्के गुणिले १९७.०६, म्हणजे ११,८२,३६० रुपये. नुसता अंगठा गेला तर कमाईची ताकद ३० टक्के गेली असं धरतात, म्हणजे ३,५४,७०८ रुपये. आणि आपण पाच हजारांवर अंगठा टेकवतो! जिथे राज्य विमा योजना लागू आहे तिथे लाभ त्या योजनेतून मिळतो. म्हणून आपलं नाव विम्यात चढलं आहे का, हे आजच बघा.

अपघात झाला तर चार गोष्टी करा. दवाखान्याच्या कागदावर 'कामावर झालेला अपघात' असंच लिहून घ्या, 'घरी पडला' लिहू देऊ नका. मालकाला लेखी कळवा आणि पोच घ्या. हजेरीचा आणि पगाराचा पुरावा, साक्षीदारांची नावं जपून ठेवा. आणि दावा दोन वर्षांच्या आत लावा.

एकटा जखमी माणूस खाटेवरून कचेरीत जाऊ शकत नाही. त्याचा कागद युनियनने न्यायचा असतो. गोदीतला असो, गिरणीतला असो की उसाच्या फडातला, त्याच्या दारी आधी आपण पोचलं पाहिजे, गुत्तेदार नव्हे!