तयार आणि बंद

मुक्त संगणकप्रणालीचे मराठी पुरस्कर्ते गेली वीस-पंचवीस वर्षे एकच गोष्ट सांगत आले आहेत : लिनक्स शिका. शिकण्यासारखे आहे, यात वाद नाही. पण माणूस दिवाणखान्यात येऊन बसतो तो शिकण्यासाठी नव्हे. वाघोलीतल्या नव्या इमारतींत नगर रस्त्यावरची कोंडी पार करून घरी आलेला माणूस टीव्ही लावतो, मुले त्याच टीव्हीवर खेळ मागतात, आणि तेव्हा निवड असते ती प्लेस्टेशन, एक्सबॉक्स किंवा विंडोजचा संगणक यांतच. लिनक्स त्याच वाघोलीतल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत असते. तोंडी परीक्षा झाली की विद्यार्थी ते तिथेच सोडून येतात. प्रयोगशाळा आणि दिवाणखाना यांतले हे अंतर व्याख्यानांनी मिटणार नाही. ते मिटवायला एक तयार खोके लागेल, टीव्हीला जोडले की चालू होणारे. (‘खोके’ हा शब्द 2022 पासून महाराष्ट्रात फारच बदनाम झाला; पण दुसरा शब्द नाही.)

साहित्याच्या पानावर ही चर्चा कशाला, असे काहींना वाटेल. त्यांनी आपल्याच वर्गात विचारून पाहावे की गेल्या वर्षभरात विद्यार्थ्यांनी सर्वांत दीर्घ कथा कोणत्या माध्यमात अनुभवली. कादंबरी म्हणणारे हात किती वर येतात ते मोजावे. चाळीस-पन्नास तास चालणारी, पात्रांची, संवादांची, नैतिक पेचांची कथा ही पिढी खेळांतून घेत आहे, आणि ती मराठीत घेत नाही. कारण त्या यंत्रात मराठी घालण्याचा अधिकार आपल्यापैकी कोणालाच नाही.

मराठीत छपाई रुजली कशी, हे आपण एम.ए.ला शिकवतो, पण त्यातून काही शिकतो असे दिसत नाही. श्रीरामपूरला विल्यम केरीचे मराठी व्याकरण छापले गेले 1805 साली. त्यानंतरही कित्येक वर्षे छापील पुस्तक म्हणजे मिशनऱ्यांची वस्तू, शाईत चरबी असणार, हा संशय टिकून होता. गणपत कृष्णाजींनी 1831 साली मुंबईत पंचांग छापले, तेव्हा तुपाची शाई वापरल्याचे सांगितले जाते. मुद्रणाच्या थोरवीवर त्यांनी निबंध लिहिला नाही. घराला रोज लागणारी, हातात घेतली की उपयोगी पडणारी वस्तू त्यांनी दिली, आणि नवे तंत्र तिच्या आडून घरात शिरले. दीडशे वर्षांनी ‘कालनिर्णय’ने भिंतीवर जे केले, तेही याच जातीचे. वाचकवर्ग असा घडतो. लिनक्सच्या पुरस्कर्त्यांनी मात्र पंचांगाऐवजी खिळे जुळवण्याची कृती वाटली.

बाहेरच्या जगाला हे उमजायलाही वेळ लागला. वॉल्व या अमेरिकन कंपनीने 2015 साली लिनक्सवर चालणारी ‘स्टीम मशीन’ ही दिवाणखान्यातली यंत्रे निरनिराळ्या उत्पादकांकडून बाजारात आणली आणि ती साफ पडली. खोके तयार होते, पण त्यावर चालणारे नामांकित खेळ फार थोडे होते. खेळ बनवणाऱ्यांनी ते लिनक्ससाठी पुन्हा घडवावेत अशी अपेक्षा होती आणि त्यांना त्याची गरज नव्हती. मग 2018 मध्ये ‘प्रोटॉन’ आले. आपल्या लोकांना हे समजायला अवघड जाऊ नये, कारण प्रोटॉन हा अनुवादक आहे. विंडोजसाठी लिहिलेला खेळ जी मागणी करतो ती हा मध्यस्थ जागच्या जागी लिनक्सच्या भाषेत सांगतो. त्याच्या मुळाशी 1993 पासून चाललेला ‘वाइन’ हा प्रकल्प आहे. त्याची पहिली पूर्ण आवृत्ती यायला 2008 उजाडले. पंधरा वर्षे नेटाने अनुवाद करणारी माणसे! त्यांच्या जोरावर 2022 मध्ये ‘स्टीम डेक’ हे हातात धरायचे यंत्र चालले, आणि नोव्हेंबर 2025 मध्ये वॉल्वने दिवाणखान्यासाठी नव्या स्टीम मशीनची घोषणा केली. मूळ लेखकाची वाट न पाहता अनुवाद करणाऱ्यांनी हे घडवले, हे साहित्याच्या लोकांनी तरी विसरू नये.

आपल्याकडे दिवाणखान्यातले खोके काही परके नाही. नव्वदीच्या दशकात मध्यमवर्गीय मराठी घरांत जपानी यंत्राच्या नकला पोहोचल्या होत्या : टीव्हीला वायर जोडायची, कॅसेट खुपसायची, चालली नाही तर तिच्यात फुंकर मारायची. पुस्तिका कोणी वाचली नाही. आजचे चाळिशीतले अनेक संगणक अभियंते त्या फुंकरीतूनच तयार झाले, असे मला वाटते.

आता शुद्धतावाद्यांचा आक्षेप. तयार वस्तू माणसाला अडाणी ठेवते, बंदिस्त करते, असे ते म्हणतात. यात एक खरी भीती आहे. तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनचा गाभा लिनक्सचाच आहे. तो कोट्यवधी लोकांपर्यंत पोहोचला तो तयार वस्तू म्हणूनच. पण वाटेत बहुतेक फोनांवर इतकी कुलुपे चढली की मालकाला आतले फारसे काही बदलता येत नाही. भीती खरी, निष्कर्ष मात्र चुकीचा. तयार असणे आणि बंद असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्टीम डेकवर एक बटण दाबले की खेळांचा पडदा बाजूला होऊन साधा लिनक्स संगणक समोर येतो. हवी तर दुसरी प्रणालीही त्यावर घालता येते. ज्याला नको त्याने ते दार कधीच उघडू नये. दार आहे, एवढे पुरे. वॉल्वही नफ्यासाठीच धंदा करते आणि तिचे दुकान खुले नाही, हे मला ठाऊक आहे; माझा मुद्दा खोक्याच्या रचनेचा आहे.

मराठीचा प्रश्न नेमका याच दाराशी येतो. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 2020 मध्ये ‘राजी’ हा खेळ आणला. प्राचीन भारत, भावाच्या शोधात निघालेली मुलगी, आणि तिची कथा सांगणारे दुर्गा व विष्णू. पुण्यात घडलेले हे देव आरंभी इंग्रजीत बोलले, पुढे हिंदीतही. मराठीत बोलले नाहीत. स्टुडिओला मी दोष देणार नाही. मराठीत खेळणारा ग्राहक त्यांना कोणी दाखवलाच नाही. खुद्द स्टीमचा पडदाही मराठीत नाही. उलट लिनक्सच्या बाजूला पुण्यातूनच मोठे काम झालेले आहे : रेड हॅटच्या पुण्यातल्या मंडळींनी ‘लोहित’ हे मुक्त टंक जोपासले, फेडोरा-ग्नोमचे मराठीकरण केले. पण ते कोणी पाहिले? फाइलला धारिका म्हणावे की संचिका, यावर आपण तावातावाने भांडलो. ती उघडणारा माणूस मात्र घरात नव्हता. सरकारी आशीर्वादाने 2001 पासून गावोगावी पोहोचलेल्या एमएस-सीआयटीने संगणक म्हणजे विंडोज हे समीकरण पक्के केले. केरळने त्याच दशकात शाळा मुक्त प्रणालीवर नेल्या.

आपल्याकडे प्रयत्न झालाच नाही असेही नाही. कर्जत तालुक्यातल्या खैरात या लहानशा गावातल्या शाळेत 2007 साली ‘एक मूल, एक लॅपटॉप’ योजनेची हिरवी-पांढरी यंत्रे आली. आत लिनक्स होते, आणि मुलांना ते कोणी सांगण्याची गरज नव्हती. फोटो काढणे, चित्रे काढणे, खेळणे, सगळे हात लावताच. केंद्र सरकारने मात्र ही योजना 2006 मध्येच नाकारलेली होती, आणि खैरातचे उदाहरण राज्याचे धोरण झाले नाही.

दोन अडचणी मान्य करतो. आमच्या विद्यार्थ्यांचा आवडता ‘व्हॅलोरंट’ लिनक्सवर चालत नाही. फसवणूक रोखणारी त्याची यंत्रणा विंडोजच्या गाभ्यात बसते आणि प्रोटॉनला तिथे वाव नाही. आणि स्टीम डेक 2022 मध्ये विक्रीला आला तेव्हा भारत त्या यादीत नव्हता. ज्यांनी घेतले त्यांनी आयात करणाऱ्यांकडून चढ्या भावाने घेतले. म्हणून परदेशी खोक्याची वाट पाहत बसू नये. जुन्या संगणकावर खेळांसाठी जुळवलेली लिनक्सची आवृत्ती घालून तो टीव्हीखाली ठेवता येतो, आणि वाघोलीतल्या अंतिम वर्षाच्या मुलांना प्रकल्पासाठी विषय हवाच असतो. चालू केल्यावर मराठीत बोलणारे, वडीलधाऱ्यांना एकही आज्ञा टंकायला न लावणारे खोके त्यांनी करावे.

मराठी विभागांचा वाटा त्याहून सोपा आहे. ‘बॅटल फॉर वेसनॉथ’ हा 2003 पासूनचा मुक्त खेळ आहे. राजे, बंडे, निर्वासित, यांच्या अनेक मोहिमा, आणि जाडजूड कादंबरीला पुरून उरेल इतका मजकूर. तो साध्या फायलींत सर्वांना उपलब्ध आहे आणि अनुवाद करायला कोणाची परवानगी लागत नाही. अनुवादाच्या अभ्यासपत्रिकेसाठी आपण दरवर्षी त्याच त्या इंग्रजी कथेची तीच पाने देतो. येत्या सत्रात त्याऐवजी यातली एक मोहीम द्यावी. संवाद तोंडात बसतो की नाही हे प्राध्यापकांच्या आधी शेजारच्या इमारतीतली बारा वर्षांची मुलेच सांगतील.